कथिलाच्या ऑक्साइडमध्ये अँटिमनी: काचेवरच्या थराच्या प्रकल्प नोंदी

३ जून

काम असं आहे: काचेवर टिन (कथील) ऑक्साइडचा अर्ध्या मायक्रॉनच्या आतला पारदर्शक थर चढवायचा, त्यात ०, १, २, ३, ४ आणि ८ टक्के अँटिमनी घालायचं आणि प्रत्येक थर वीज किती वाहून नेतो ते मोजायचं. पद्धत स्प्रे पायरोलिसिसची. तापलेल्या काचेवर क्लोराइडचं द्रावण फवारलं की पाणी उडून जातं आणि ऑक्साइडचे बारीक स्फटिक काचेला घट्ट धरतात. व्हॅक्यूम पंप लागत नाही. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात या पद्धतीवर बरीच वर्षं काम होत आलंय, त्यामुळे इथे विचारायला माणसं मिळतात.

थिअरी एवढीच: कथिलाच्या जागी अँटिमनीचा अणू बसला की एक इलेक्ट्रॉन उरतो आणि तो मोकळा फिरतो. उलट कमी संयुजेचा अणू (जस्त, लोखंड, तांबं, सोडियम) घुसला की तो हा मोकळा इलेक्ट्रॉन गिळतो. आपण घातलेलं अपद्रव्य आणि न घालता शिरलेलं, दोघांचा हिशेब एकाच वहीत होतो.

हॉट प्लेटसाठी शिवाजी उद्यमनगरात बिडाची १५० × १५० × २० मिमी प्लेट सांगितली: वरून सरफेस ग्राइंडिंग, बाजूने १२ मिमीच्या कार्ट्रिज (कांडीसारख्या) हीटरसाठी चार भोकं. जॉबवर्कसह १,८५० रुपये. हीटर २५० वॅटचे चार, पीआयडी कंट्रोलर (तापमान धरून ठेवणारा), एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), के टाईप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार).

१० जून

प्लेट शनिवारी आली. भोकं १२.५ मिमीची निघाली. "हीटर सहज जातो की" म्हणून तशीच जोडणी केली. चूक. हीटर आणि बीड यांच्यात पाव मिलिमीटर हवा राहिली, उष्णता प्लेटमध्ये जाईना, हीटर आतल्या आत लाल झाला आणि तिसऱ्या तापवणीत एक जळाला. कार्ट्रिज हीटर हाताने दाबून जेमतेम सरकला पाहिजे. काल सोमवार, वर्कशॉप बंद. आज भोकांत पितळी बुश ठोकून १२.१ ला रीमर (भोक नेमक्या मापाला तासणारं हत्यार) मारून घेतला. २०० रुपये, नवा हीटर २८०, आणि तीन दिवस गेले. भोकं सांगताना "१२ चं ड्रिल" म्हणू नका, "१२.१ रीम करून" असं कागदावर लिहून द्या.

आता प्लेट २५ मिनिटांत ४५० अंशांना पोचते.

१३ जून

कंट्रोलरवरचा आकडा म्हणजे प्लेटच्या पोटातलं तापमान. काचेचा वरचा पृष्ठभाग किती तापतो हे वेगळं काढावं लागतं. सोपा उपाय: काचेवर शुद्ध धातूची कीस ठेवून ती कधी वितळते ते पाहणं. कथील २३२, शिसं ३२७.५, जस्त ४१९.५ अंश सेल्सिअस. कीसावर ऑक्साइडची साय येते, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. सुईने टोचून पाहावं.

जस्ताने घोळ घातला. कंट्रोलर ४०५ दाखवत असतानाच कीस वितळली, म्हणजे काच प्लेटपेक्षा गरम असं उत्तर आलं! तुकडा निघाला डायकास्टिंगच्या मोडीतला. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि ते मिश्रण ३८५ अंशांच्या आसपासच वितळतं. अपद्रव्यांवरच्या प्रकल्पात पहिला दणका थर्मामीटरनेच दिला. गॅल्व्हनायझिंगवाल्याकडून शुद्ध जस्ताचा तुकडा आणला. आता हिशेब जुळतो: १.३५ मिमी जाडीच्या स्लाइडचा वरचा भाग कंट्रोलरपेक्षा १८ अंशांनी थंड. फवारा चालू असताना आणखी उतरतो, तो भाग पुढे.

१७ जून

फोर पॉइंट प्रोब, म्हणजे थराचा रोध मोजायचं साधन. चार स्प्रिंगच्या टेस्ट पिना (पोगो पिन) परफबोर्डच्या शेजारशेजारच्या भोकांत बसवल्या, अंतर आपोआप २.५४ मिमी. बाहेरच्या दोन पिनांतून करंट, आतल्या दोनवर व्होल्टेज. करंटसाठी एलएम३३४ (ठरावीक करंट देणारी चिप), ६८ ओहमचा रेझिस्टर लावून साधारण १ मिलिअँपिअर, ९ व्होल्टची बॅटरी. सगळा खर्च ४८० रुपये.

व्होल्टेज भागिले करंट, गुणिले ४.५३ हे सूत्र पाठ असतं, पण ते अमर्याद मोठ्या पत्र्याचं आहे. आपला नमुना २५ मिमी चौरस, म्हणजे पिनांतल्या अंतराच्या दहापट. इथे गुणक ४.२ धरायचा. ४.५३ धरला तर प्रत्येक उत्तर आठेक टक्के जास्त येतं. पिना नमुन्याच्या बरोबर मध्यावर टेकवा, काठाजवळ गेलं की गुणक आणखी बदलतो.

१९ जून

पहिला फवारा. द्रावण: स्टॅनिक क्लोराइड पेंटाहायड्रेट ३.५१ ग्रॅम, मिथेनॉल घालून ५० मिलि (०.२ मोलर), त्यात २ टक्के अँटिमनी. फवाऱ्यासाठी पेंटरचा एअरब्रश, प्लेटवर ४५० अंश.

दोन गोष्टी बिघडल्या. चौथ्या फवाऱ्याला प्लेटवर निळसर ज्वाळा उठली. इतक्या तापलेल्या लोखंडावर मिथेनॉलची वाफ पेटणं साहजिक आहे, आधीच उमगायला हवं होतं. बाटली दूर होती म्हणून निभावलं. अल्कोहोल आजपासून बंद.

दुसरी: जो थर बसला तो ३८ किलोओहम प्रति चौरस (थराच्या चौरस तुकड्याचा रोध, चौरस लहान असो की मोठा). अपेक्षा शंभर ओहमच्या आतली.

२० जून

एअरब्रश उघडला. नोझल पितळेची. आम्लाने तिच्यातलं जस्त खाल्लं होतं, तोंडाशी उघडं तांबं गुलाबी दिसत होतं आणि उरलेल्या द्रावणाला हिरवट झाक होती. म्हणजे अँटिमनीसोबत जस्त आणि तांबंही थरात गेलं आणि एकाने दिलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्यांनी गिळले. १,१५० रुपयांचा एअरब्रश बाद. या द्रावणाच्या वाटेत धातू नकोच: नोझल नको, सुई नको, गाळणीची जाळीही नको. स्टेनलेस स्टीलसुद्धा क्लोराइडपुढे टिकत नाही.

पर्याय प्रयोगशाळेच्या सामानातच होता: थिन लेअर क्रोमॅटोग्राफीला वापरतात तो काचेचा स्प्रेयर, ६५० रुपये.

२४ जून

काचेचा स्प्रेयर, पाण्यातलं द्रावण. अँटिमनी ट्रायक्लोराइड तोलून थेट डिस्टिल्ड पाण्यात टाकलं आणि पाणी ताकासारखं पांढरं झालं. अँटिमनीचं क्लोराइड पाण्यात विरघळत नाही, फुटतं. ऑक्सिक्लोराइडचा साका होऊन तळाला बसतं. वरचं नितळ पाणी फवारलं तर त्यात अँटिमनी जवळपास नसतं, आणि लेबलवर मात्र २ टक्के लिहिलेलं असतं. असा "डोप" केलेला (मुद्दाम अपद्रव्य घातलेला) थर शुद्धासारखाच वागतो आणि दोष अँटिमनीवर जातो.

दुसरी अडचण तराजूची. १ टक्क्याला अँटिमनी ट्रायक्लोराइड लागतं २२.८ मिलिग्रॅम. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि बाहेर पाऊस. वजन करेपर्यंत कागदावर ओलं होतं.

२७ जून

दोन्हीवर एकच उतारा: स्टॉक, म्हणजे एकदाच करून ठेवलेलं मोजमापाचं द्रावण. अँटिमनी ट्रायक्लोराइड २.२८ ग्रॅम एकदाच, झटपट तोलायचं, १:१ हायड्रोक्लोरिक आम्लात (आम्ल आणि पाणी समान) विरघळवायचं आणि त्याच आम्लाने १०० मिलि करायचं. हे झालं ०.१ मोलर. ५० मिलि फवाऱ्याच्या द्रावणात कथील १० मिलिमोल असतं, म्हणून १ मिलि स्टॉक = १ टक्का. पिपेटने मोजायचं, तराजूचं नाव काढायचं नाही. (इथे टक्का म्हणजे शंभर कथिलामागे अँटिमनीचे अणू, आणि तोही द्रावणातला. थरात किती पोचलं हा वेगळा प्रश्न.)

अँटिमनीची संयुगं विषारी आहेत, हातमोजे आणि चष्मा लागतोच. फवारताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ब्लोअर आणि ४ इंची पीव्हीसी पाइप लावून वाफ चुन्याच्या निवळीच्या बादलीवरून बाहेर काढली, १,४०० रुपये. हे नसेल तर काम सुरू करू नका.

२ जुलै

पहिली पूर्ण मालिका, साध्या मायक्रोस्कोप स्लाइडवर. स्प्रेयर काचेपासून २८ सेंमी वर, हवेचा दाब १ किलो. २ सेकंद फवारा, २० सेकंद थांबा, असे सव्वाशे फवारे. पाऊण तास लागतो. थांबा खाऊ नका: पाण्याचा फवारा काच चटकन थंड करतो, सलग फवारलं की थर दुधी आणि पावडरीसारखा बसतो, बोटाने पुसला जातो. काल दोन स्लाइडी तडकल्याही.

जाडी वजनावरून काढली. ७५ × २५ मिमी स्लाइडचं वजन ५.२ मिलिग्रॅम वाढलं तर थर सुमारे ४०० नॅनोमीटर (टिन ऑक्साइडची घनता ६.९५ धरून). मागची बाजू नीट पुसूनच तोला.

मालिका ० ते ८ चढत्या क्रमाने झाली. शेवटी खात्री म्हणून पुन्हा एक शून्य टक्क्याची काच काढली. ती सकाळच्या शून्याच्या निम्म्या रोधाची निघाली! स्प्रेयरच्या तळाशी ८ टक्क्यांचं दोनेक मिलि द्रावण राहिलं होतं. हिशेब केला तर ५० मिलित ते ०.३ टक्के होतं, आणि शुद्ध थराला तेवढं पुष्कळ झालं. यापुढे शून्याचा स्प्रेयर स्वतंत्र, बाकीच्यांसाठी दुसरा. तोही प्रत्येक वेळी १:१ आम्लाने तीनदा आणि डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवायचा. आणखी ६५० रुपये.

५ ते ९ जुलै

हे पाच दिवस फक्त शून्यावर गेले. पाच दिवस वाया गेले असं वाटलं तरी या प्रकल्पाचा जीव इथेच आहे. शून्याची काच स्थिर होत नाही तोवर बाकीच्या पाचांचे आकडे निरर्थक. तीन वेगळ्या दिवशी केलेल्या शून्याच्या काचा: ४.८, २.१ आणि ६.६ किलोओहम प्रति चौरस. द्रावण तेच, तापमान तेच.

एकेक कारण सुटं केलं.

मोजणी. ६.६ हा आकडाच खोटा होता. थराचा रोध जास्त असला की ९ व्होल्टची बॅटरी त्यातून १ मिलिअँपिअर ढकलू शकत नाही. करंट ०.६ वर अडकला होता आणि भागाकार १ ने केला जात होता. खरा आकडा ११ किलोओहम. आता करंटच्या वाटेत १०० ओहमचा १ टक्का रेझिस्टर कायम बसवलाय, त्यावरचं व्होल्टेज वाचूनच करंट धरायचा. जास्त रोधाच्या काचेला ६८ ऐवजी ६८० ओहम लावून ०.१ मिलिअँपिअरवर मोजायचं. याने दुसरा दोषही गेला: एलएम३३४ चा करंट तापमानागणिक बदलतो, अंशाला ०.३३ टक्के, आणि प्रोब हॉट प्लेटच्या शेजारी ठेवला होता. दर वेळी करंट उलटा करून दोन्ही वाचनांची सरासरी घ्या. काच थोडी जरी गरम असली तर टिन ऑक्साइड स्वतःच व्होल्टेज तयार करतं.

पाणी. एका दिवशी डिस्टिल्ड संपलं म्हणून गॅरेजवरून बॅटरीचं पाणी आणलं होतं. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) ३८ पीपीएम. डिस्टिल्ड १ ते २ दाखवतं. ते कॅन गाडीच्या बॅटरीसाठी ठीक असेल, इथे नाही.

हवा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, त्यात तेल मिसळून फवाऱ्यात येतं. थरावर तपकिरी ठिपके दिसत होते ते यामुळेच. टाकीतलं पाणी रोज काढायचं, आणि नळीत आधी कापूस, मग सिलिका जेलची बाटली. जेल निळ्याचं गुलाबी झालं की भाजून घ्यायचं.

आम्ल. हे सगळ्यात उशिरा लक्षात आलं. ८ टक्क्यांच्या द्रावणात ८ मिलि आम्लात मुरलेला स्टॉक जात होता, शून्याच्या द्रावणात काहीच नाही. क्लोरीनही ऑक्सिजनच्या जागी बसून इलेक्ट्रॉन देतं, शिवाय आम्ल बदललं की थर बसण्याचा वेगही बदलतो. म्हणजे आपण दोन गोष्टी एकदम बदलत होतो आणि नाव एकीचं घेत होतो. आता नियम: स्टॉक अधिक कोरं १:१ आम्ल मिळून नेहमी ८ मिलि. शून्याला ० + ८, तीन टक्क्यांना ३ + ५, आठला ८ + ०. मग पाणी घालून ५० मिलि.

थंड करणं. शुद्ध टिन ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा इलेक्ट्रॉन देतात. काच प्लेटवरच रात्रभर ठेवली की हवेतला ऑक्सिजन त्या जागा भरतो आणि रोध चढतो. म्हणून फवारा संपल्यावर पाच मिनिटांनी प्लेट बंद, आणि कंट्रोलर ३०० वर आला की काच उचलून सिरॅमिक टाइलवर. दर वेळी तसंच.

एवढं केल्यावर तीन शून्याच्या काचा: ३.१, २.८, २.९ किलोओहम.

११ जुलै

तरी २.९ किलोओहम पटत नव्हतं. ४०० नॅनोमीटरच्या शुद्ध थराचा रोध काहीशे ओहम असायला हवा. शिवाय सगळ्या काचांवर पांढुरकी धूसर झाक.

ती झाक डिस्टिल्ड पाण्यात विरघळली. मीठ होतं, खरोखरचं सोडियम क्लोराइड! स्लाइडची काच सोडा-लाइमची, तिच्यात १३-१४ टक्के सोडियम ऑक्साइड. सव्वाचारशे अंशांना सोडियम वर सरकतं, काही क्लोराइडशी जुळून मिठाचे कण होतात आणि काही थरात घुसतं. कणांच्या जागी नंतर खड्डे राहतात.

बोरोसिलिकेट काचेचे ७५ × २५ चे तुकडे कापून घेतले (सोडियम ऑक्साइड ४ टक्क्यांच्या आसपास) आणि एकाच फवाऱ्यात दोन्ही काचा शेजारी ठेवल्या. शून्य टक्का: स्लाइडवर २,९०० ओहम, बोरोसिलिकेटवर ६४०. दोन टक्के: स्लाइडवर ९५, बोरोसिलिकेटवर ६८.

दोन टक्क्यांत फरक इतका कमी का? कारण थरात इलेक्ट्रॉन आधीच भरपूर आहेत, सोडियमने काही गिळले तरी जाणवत नाही. शुद्ध थर गरीब, त्याच्या खिशातून तेवढेच गेले की तो कंगाल. म्हणून फक्त डोप केलेले थर करणाऱ्याला काच कुठली आहे याचं सोयरसुतक नसतं.

स्लाइडच वापरायची असेल तर मध्ये सिलिकाचा पडदा घालता येतो: टीईओएस (सिलिका देणारं द्रव रसायन) ५ मिलि, इथेनॉल २० मिलि, पाणी १.६ मिलि, आम्लाचे दोन थेंब. तासभर ढवळून काच बुडवून काढायची, सुकवून ४५० ला अर्धा तास. यावर शून्याचा थर ८१० ओहम आला. चालण्याजोगं आहे, पण काम वाढतं.

१५ जुलै

७० व्या फवाऱ्याला लाईट गेली. अकरा मिनिटांनी आली तोवर प्लेट ३५० च्या खाली. पुढे चालू ठेवून पाहिलं, वरचा अर्धा थर दुधी आला. अशी काच टाकूनच द्या.

१७ जुलै

बोरोसिलिकेट काचेच्या कडेला गंजासारखी पिवळट पट्टी. बिडाच्या प्लेटवर आम्ल पडून फेरिक क्लोराइड होतं आणि ते ३०० अंशांच्या वर वाफ होऊन उडतं, जवळच्या काचेवर जाऊन बसतं. पट्टीतला रोध मध्यापेक्षा दुप्पट. प्लेटवर ५ मिमीची बोरोसिलिकेट फरशी ठेवली, काचा आता तिच्यावर. तापमान पुन्हा जस्ताने तपासलं: कंट्रोलर ४७२ असताना वरच्या काचेवर ४२०. काम ४८२ वर ठेवून चालवतोय, म्हणजे काचेवर ४३०. फरशी सावकाश तापवायची, घाई केली की तडकते. प्लेट तापायला आता ४० मिनिटं.

२४ ते २६ जुलै

अखेरची मालिका. बोरोसिलिकेट काच, ४३० अंश, जाडी ३९० ते ४१५ नॅनोमीटर. प्रत्येक टक्क्याला दोन काचा, सरासरी ओहम प्रति चौरस:

शून्य: ६२०
१ टक्का: १४०
२ टक्के: ६८
३ टक्के: ६१
४ टक्के: ७४
८ टक्के: २१०

जोडीतल्या दोन काचांत जास्तीत जास्त ९ टक्के फरक. क्रम मुद्दाम विस्कटला होता (३, ०, ८, १, ४, २), म्हणजे दिवसागणिक सरकणारा दोष अँटिमनीच्या नावावर जमा होणार नाही.

३ टक्क्यांपर्यंत रोध दहापट उतरला, पुढे उलटा चढला. पहिल्या टक्क्यानेच सर्वांत मोठी उडी मारली. २ ते ४ मधला भाग जवळपास सपाट आहे, तिथे पाव टक्क्याच्या चुकीने काही बिघडत नाही. पारदर्शकता हवी असेल तर २ वरच थांबा. ४ ला निळसर झाक येते, ८ ची काच पांढऱ्या कागदावर ठेवली की उघड निळी-करडी दिसते.

८ ला रोध का चढतो? जास्तीचं अँटिमनी पाच ऐवजी तीन संयुजेचं होऊन बसू लागतं, तेव्हा ते इलेक्ट्रॉन देत नाही, घेतं. काही कणांच्या सीमांवर साठतं. आणि थरात जितके विद्युतभारित परके अणू, तितकी इलेक्ट्रॉनांची ठेचकाळणी.

३० जुलै

हॉट प्रोब, म्हणजे वीज इलेक्ट्रॉन वाहतात की नाही याची चाचणी: मल्टिमीटरची लाल पिन सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला, काळी पिन थंड भागावर. सगळ्या सहा काचांवर वाचन धन, म्हणजे वहन इलेक्ट्रॉनांचंच. वाचन घेताना आयर्नचा प्लग काढा, नाहीतर मेन्सची गळती वाचाल.

शून्य आणि ३ टक्के, दोन्ही काचा ४३० ला हवेत तासभर ठेवल्या. शून्याची ६२० वरून १,५०० ला गेली, ३ ची ६१ वरून ६४. शून्याचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचे, हवेने काढून घेतले. अँटिमनीचे कुठे जात नाहीत.

४ ऑगस्ट

हॉल इफेक्ट: चुंबकात ठेवलेल्या पट्टीतून करंट सोडला की आडव्या दिशेला व्होल्टेज येतं, त्यावरून मोकळे इलेक्ट्रॉन मोजता येतात. रोध एकट्याने सांगत नाही की इलेक्ट्रॉन वाढले की त्यांची चाल. ८ × २० मिमी पट्टी, चांदीच्या पेस्टचे संपर्क, दोन निओडिमियम चुंबकांमधल्या फटीत गॉसमीटरवर ०.३ टेस्ला. व्होल्टेज एडीएस१११५ (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) वर, सर्वांत जास्त गेनला, एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्ट.

समोरासमोरचे संपर्क ०.१ मिमी जरी मागेपुढे झाले तरी साडेसात मिलिव्होल्टच्या आसपास नुसतं तिरकेपणाचं येतं, आणि हवं असलेलं व्होल्टेज ०.१६ मिलिव्होल्ट. पहिला दिवस हे न उमगता गेला. चुंबक उलटा करून वजाबाकी केली की तिरकेपणा पडतो. पट्टी जागची हलली तर सगळं पुन्हा, म्हणून पट्टी टेपने पक्की आणि चुंबकांची जोडी गाड्यावर. प्रत्येक दिशेला २०० वाचनं, अशा दहा फेऱ्या.

३ टक्के, १० मिलिअँपिअर: घन सेंमीला मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे ३ × १०^२०. शून्य, २ मिलिअँपिअर: सुमारे ५ × १०^१९. दोन्हींत २५-३० टक्के इकडे-तिकडे धरा. टिन ऑक्साइडच्या एका घन सेंमीत कथिलाचे अणू २.८ × १०^२२, त्याचे ३ टक्के ८.४ × १०^२०. म्हणजे द्रावणातल्या तीन अँटिमनीमागे एकाच्या आसपास कामी आलं. उरलेलं फवाऱ्यात उडालं, सीमांवर बसलं की तीन संयुजेचं झालं, हे या मोजणीतून वेगळं करता येत नाही. शून्याच्या काचेतही ५ × १०^१९ आहेत, एक थेंब अँटिमनी न घालता.

९ ऑगस्ट

खर्च: प्लेट आणि रीमिंग २,०५०, हीटर १,४००, कंट्रोलर, एसएसआर, थर्मोकपल १,९५०, रसायनं ३,९५०, दोन काचेचे स्प्रेयर १,३००, बोरोसिलिकेट १,७००, प्रोब ४८०, चांदीची पेस्ट ६००, ब्लोअर-पाइप १,४००, बाद एअरब्रश १,१५०. एकूण १५,९८० रुपये. कॉम्प्रेसर, तराजू, गॉसमीटर प्रयोगशाळेचे. निव्वळ चुकांचे १,६३०, पण वेळेचा हिशेब वाईट आहे: दहा आठवड्यांतले निदान सहा न घातलेल्या अपद्रव्यांच्या मागे गेले.

आम्लाच्या वाफेने ब्लोअर असूनही एसएसआरचे स्क्रू हिरवे पडलेत, बोर्ड पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीत हवा. उरलेली द्रावणं आणि धुवण मोरीत ओतू नका. चुना घालून सामू ८ च्या आसपास आणला की कथील आणि अँटिमनी दोन्ही साका होऊन बसतात. निवळी वेगळी करून साका बंद डब्यात, लेबल लावून, रासायनिक कचऱ्याकडे. स्टॉकच्या बाटलीचं बूच काचेचं ठेवा, आणि द्रावण धुरकट दिसलं तर गाळून वापरू नका. गाळणीवर राहतं ते अँटिमनीच असतं.